तोफ नंबर तीन

लग्न झालं तेव्हा आमचे हे माझ्याकडे फार बघायचे. आता या वयात सांगायला काय हरकत आहे? मी बोलायला तोंड उघडलं की हातातलं काम बाजूला ठेवून एकटक माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मीठ मागितलं तरी बघायचे, सासूबाईंची तक्रार केली तरी बघायचे. नणंदा पदराआड हसायच्या. थोरल्या जाऊबाई, भागुबाई, एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लढाईवरून आलेला माणूस आहे गं, आपण खरंच घरी आलो का याची खात्री करून घेतोय." मी लाजून चूर झाले. बहात्तर सालचा तो दुष्काळ. विहिरींनी तळ गाठला होता, रेशनच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या. पण मला असा बघणारा नवरा मिळाला होता, आणि त्या एका गोष्टीवर मी पुढं जन्मभर मनातल्या मनात मिरवत राहिले.

हे म्हणजे वाळूबा, तोफखान्यातून रिटायर झालेले हवालदार. माझं माहेर सिन्नरकडचं, सासरही तिकडचंच, पण यांची नोकरी संपल्यापासून आम्ही नाशिकरोडला राहतो, आर्टिलरी सेंटरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे, तेव्हा घर इथंच बरं पडलं. आमच्या सोसायटीचं कागदावरचं नाव वेगळं आहे, रिक्षावाले मात्र तिला तोफखाना म्हणतात. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुन्या ठेंगण्या इमारती, आणि बहुतेक घरांत कुणी ना कुणी तोफेवर नोकरी केलेला. ज्यांची जवानी तोफेशेजारी गेली, त्यांना आपण ओरडून बोलतोय हे कळत नाही. रोज सकाळी गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली ही मंडळी खुर्च्या टाकून बसायची, आणि कुणाचं पोट साफ झालं नाही, कुणाची सून काय म्हणाली, हे आम्हा बायकांना स्वयंपाकघरात बसल्या जागी कळायचं.

यांचे खास दोस्त दोन. समोरच्या इमारतीतले हबीबभाई, आणि त्यांच्या खाली तळमजल्यावर एकटे राहणारे नांदगावचे काळूजी. तिघं एकाच बॅटरीतले. बॅटरीत सहा तोफा असतात हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं होतं. तीन नंबरची तोफ यांच्या हाताखाली, पाच नंबरची काळूजींच्या, आणि हबीबभाई सगळ्या तोफांच्या मधोमध उभे राहून साहेबांचा हुकूम पुढं पोचवायचे. एका कानानं यांना कमी ऐकू येतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीनं, रोहिणीनं, पूर्वी एकदा कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते शिट्ट्या मारतं म्हणून हे त्यावर चिडले आणि ते कपाटात गेलं. मी आपली मोठ्यानं बोलायचे. शाळामास्तरीण, मला त्याची सवयच होती.

मग ते वीस साल आलं. बदामाखालच्या खुर्च्या एकात एक घालून दोरीनं बांधून ठेवल्या गेल्या. रेल्वेगाड्या बंद झाल्या. नाशिकरोडच्या माणसाला गाडीच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. पहिल्या रात्री मला तर वाटलं की आपलंच काही बिनसलं. सुरुवातीला यांना मजा वाटली. हे म्हणाले, आम्ही बर्फात महिनोन् महिने बंकरमध्ये काढले, तुमचा हा लॉकडाऊन म्हणजे सुट्टी. बाल्कनीतून हबीबभाईंना सलाम ठोकायचे, खाली काळूजींना हात करायचे.

एप्रिलच्या सुरुवातीला मी यांना कोपऱ्यावरच्या दुकानात तेल आणि साबण आणायला पाठवलं. मी बाल्कनीत उभी होते. दुकानापुढं खडूचे गोल काढलेले, प्रत्येक गोलात एकेक माणूस, सगळ्यांची तोंडं बांधलेली. यांचा नंबर आला. दुकानदार काहीतरी म्हणाला. हे नुसते बघत राहिले. तो पुन्हा म्हणाला. मागचा माणूस हात उडवून बोलायला लागला, त्याच्या मागचाही. हे एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होते, रस्ता चुकलेल्या माणसासारखे. मग पिशवीची घडी केली आणि परत फिरले. घरात आल्यावर मला म्हणाले, "दुकान बंद आहे."

दुपारी मीच जाऊन तेल आणलं. पण त्या दिवसापासून हे खाली गेले नाहीत. नंतर बाल्कनीतही जाईनासे झाले. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. टीव्ही लावला तर बंद करायचे. ज्या माणसानं आयुष्यभर पहाटे उठून बूट चमकवले, तो दाढीही करेना. ताट वाढून खांद्याला हलवलं की यायचे, दोन घास खायचे, उठायचे. मी बोलले तर उत्तर मिळायचं, पण आमच्या बोलण्यात नवं असतं तरी काय? चहा, भाजी, गोळी. इतक्या वर्षांत मी काय म्हणणार हे यांना माझ्या आधी कळतं.

माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं त्या दिवसांत म्हाताऱ्या जवानांना रोज फोन करायची सोय केली होती. आमच्या वाट्याला साक्षी नावाची मुलगी आली. मानसशास्त्र शिकलेली, आवाज गोड. रोज अकराच्या सुमाराला तिचा फोन यायचा. हे उठून ताठ बसायचे, फोन कानाला लावायचे, थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "सब ठीक, मेमसाब. जय हिंद." फोन ठेवायचे, पुन्हा भिंतीकडे वळायचे. तिनं मला सांगितलं, काकांची तब्येत छान दिसतेय, आवाजात दम आहे. आता हिला काय सांगायचं? फौजेतल्या माणसाला कुणी कसा आहेस म्हणून विचारलं तर तो एकच उत्तर देतो. पाय मोडला तरी तेच, घरून वडील गेल्याची तार आली तरी तेच. रिपोर्ट द्यायचा असतो आणि रिपोर्ट म्हणजे सब ठीक.

रोहिणी मात्र घाबरली. ती पुण्याला असते, अकराव्या मजल्यावर. ती रोज फोन करायची, तर हे तिच्याशी काहीच्या बाही बोलायचे. तिनं विचारलं, औषध घेतलं का, तर हे म्हणाले, तुझ्या आईला विचार. तिनं विचारलं, आज वार कोणता, तर म्हणाले, हो हो, मजेत. ती रात्री मला वेगळा फोन करून रडली. म्हणाली, "आई, बाबांना विसरायला होतंय. मी वाचलंय सगळं. ईद झाली की पास काढून गाडी घेऊन येते. दोघांनी इकडं राहायचं आता, आणि बाबांना मोठ्या डॉक्टरांकडे दाखवायचं."

लेकीचं काही चुकत नव्हतं. पण मला तिचा तो अकरावा मजला डोळ्यांपुढं आला. खाली कोण चाललंय ते दिसत नाही, शेजारी कोण राहतं ते माहीत नाही, बदामाचं झाड नाही, हबीबभाई नाहीत. हा माणूस इथंच भिंतीकडं तोंड करून पडलाय, तिथं गेला की तो त्या भिंतीतून परत येणार नाही, असं मला आतून वाटत होतं. आणि ईद जवळ येत चालली होती.

अशात माझा भाचा नवनाथ पिकअप घेऊन आला. सिन्नरच्या पुढं त्याची द्राक्षबाग. त्या वर्षी माल बाहेर जात नव्हता, गाड्या अडकलेल्या, म्हणून तो ओळखीपाळखीच्या घरी क्रेट उतरवत फिरत होता. गेटबाहेरूनच ओरडला, "आत्या, खा, वाटा, नायतर वाळवा. फेकायचं मन होत नाय." सोसायटीत घरोघरी द्राक्षं झाली. खाऊन खाऊन तोंडं आली, तेव्हा बायकांनी मनुका करायचं ठरवलं. उकळत्या पाण्यात घड बुडवायचे, लगेच काढायचे आणि गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यावर पसरायचे. आमची गच्ची भरली, समोरची भरली, पलीकडची भरली. साळुंक्या आणि खारींना सगळ्यात आधी बातमी लागली.

मी यांना म्हटलं, माझे गुडघे दुखतात, तुम्ही वर जाऊन राखण करा. खरं तर माझे गुडघे तेव्हा बरे होते. हे कुरकुरले, पण राखण हे काम आहे, आणि काम सांगितलं की फौजी माणूस नाही म्हणत नाही. काठी घेतली, डोक्याला पंचा गुंडाळला आणि वर गेले.

थोड्या वेळानं मी ताक घेऊन वर गेले आणि जिन्यातच थांबले. समोरच्या गच्चीवर हबीबभाई होते, त्यांच्या बायकोनं, अमिनाभाभींनी, त्यांनाही मनुकांच्या राखणीला बसवलं होतं. रोजे चालू होते, त्यामुळे ते सावलीला बसलेले. यांना बघून ते उठले, कठड्यापाशी आले. मध्ये रस्ता होता, ओरडले असते तर ऐकू गेलं असतं. पण ते ओरडले नाहीत. ताठ उभे राहिले आणि यांच्याकडं बोट करून उजवा हात सरळ वर नेला.

हे बघत राहिले. मग काठी टाकली, टाचा जुळवल्या आणि यांचाही उजवा हात सरळ वर गेला.

ही खूण मला माहीत होती. तोफ भरून तयार झाली की तिच्यावरचा मुख्य माणूस हात वर धरून उभा राहतो. गोळीबाराच्या आवाजात तोंडानं सांगून काय उपयोग? मधला माणूस सगळ्या तोफांचे हात वर झालेले बघतो आणि मग आपला हात खाली आणतो. हबीबभाईंनी झटकन हात खाली आणला. यांनी तोंडानं "धडाम" म्हटलं. अंगणवाडीतल्या पोराला शोभेल असं "धडाम". सगळ्या साळुंक्या भुर्रकन उडाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हे हसले.

दुसऱ्या दिवशी काळूजीही वर आले, बरोबर स्वतःची घडीची खुर्ची घेऊन. मग पलीकडच्या इमारतीतले दोघं-तिघं आले, ते दुसऱ्या रेजिमेंटचे, पण तोफ ती तोफ. सकाळी ऊन तापायच्या आत गच्च्यांवर बॅटरी उभी राहायची. हबीबभाई हात वर करायचे, एकामागून एक हात वर व्हायचे, हबीबभाई हात खाली आणायचे, धडाम. खालून पोलिसांची गाडी गेली तर तेही मान वर करून बघायचे आणि हसून पुढं जायचे. बुद्धपौर्णिमेला मी खीर केली. अमिनाभाभी म्हणाल्या, आमच्या वाट्याची इफ्तारपर्यंत झाकून ठेवते. दोरीला डबा बांधून तो रस्त्याच्या पलीकडं कसा पोचवायचा यावर तोफखान्यानं अर्धा दिवस घालवला, वाऱ्याचा अंदाज घेतला, अंतर मोजलं, आणि शेवटी भाभी स्वतःच खाली येऊन गेटवरून डबा घेऊन गेल्या.

मला वाटलं, आता झालं. पण हे खाली आले की पुन्हा भिंतीकडं तोंड. साक्षीला पुन्हा "सब ठीक". गच्चीवर हात वर करून तोफ तयार म्हणतात, तेही मग सब ठीकच झालं, असं माझ्या मनात आलं आणि मी हिरमुसले.

त्याच आठवड्यात एकदा मी भाजीच्या गाडीवरून आले. मास्क तोंडावर तसाच होता. पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, गवार महागली, आज पिठलंच टाकते. हे दारात उभे होते. काही बोलले नाहीत. मी पुन्हा विचारलं, पिठलं चालेल ना? हे माझ्या चेहऱ्याकडे असे बघत होते जसे दुकानदाराकडे बघत होते. मी वैतागून मास्क हनुवटीखाली ओढला आणि तेच वाक्य, जराही आवाज न चढवता, तिसऱ्यांदा म्हटलं.

"चालेल की," हे लगेच म्हणाले. "मिरची जरा कमी घाल."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मग अकरा वाजता साक्षीचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम स्पीकर लावला. ती विचारत होती, "काका, रात्री जेवायला काय होतं?" हे थोडं थांबले आणि ताठ बसून म्हणाले, "सब ठीक, मेमसाब. जय हिंद."

एक कान नव्हे, दोन्ही गेले होते. कधी गेले कोण जाणे. हा माणूस वर्षानुवर्षं लोकांच्या ओठांवरून बोलणं वाचत होता, बदामाखाली, बँकेत, लग्नकार्यात, आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आणि आता सगळ्या नाशिकनं एका आठवड्यात ओठ झाकून घेतले होते.

यांना एकदम काही म्हणायचा मला धीर झाला नाही. आपली लबाडी पकडली गेली असं वाटून माणूस आणखी आत गेला असता. मी अमिनाभाभींना फोन केला, भाभींनी फोन हबीबभाईंच्या हातात दिला. मी सगळं सांगितलं, रोहिणी येणार आहे तेही सांगितलं. हबीबभाई बराच वेळ गप्प होते. म्हटलं, यांचेही कान गेले की काय.

मग ते म्हणाले, "भाभी, त्याला कसा आहेस म्हणून विचारू नका. मरताना विचारलं तरी सब ठीकच म्हणेल. मीही तेच म्हणतो. तोफेबद्दल विचारा. तोफेबद्दल तो कधी खोटं बोललेला नाही."

आणि त्यांनी मला एकाहत्तरच्या डिसेंबरातली गोष्ट सांगितली, जी यांनी मला कधीच सांगितली नव्हती. पंजाबच्या सरहद्दीवर ऐन गोळीबारात सगळ्या तोफांचे हात वर झाले, तीन नंबरचा झाला नाही. वाळूबानं दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले, फुलीसारखे. तोफ खराब. त्यांच्या बॅटरीत ती खूण होती. साहेब भडकले, आताच कशी खराब झाली म्हणून ओरडले, पण वाळूबा हात खाली आणेना. नंतर तपासलं तेव्हा धक्का झेलणाऱ्या नळीतून तेल गळत होतं. एक गोळा आणखी सुटला असता तर तोफ मागं येऊन आपल्याच माणसांना चिरडून गेली असती. "साहेबांनी संध्याकाळी स्वतः येऊन त्याला रम पाजली," हबीबभाई म्हणाले. "खराब तोफेवर हात वर करणारा माणूस कामाचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. उद्या बघू या."

त्या रात्री मला झोप कसली लागते. सकाळी मी यांच्याबरोबरच वर गेले, मनुका उलटायच्या निमित्तानं. सगळे आपापल्या गच्चीवर आले. हबीबभाई कठड्याशी उभे राहिले, पण त्यांनी हात वर केला नाही. यांच्याकडं बोट केलं, मग आपल्या छातीवर हात ठेवला, आणि मग हाताचा पंजा डोक्यावर गोल गोल फिरवला. पलीकडचे दोघं चकित होऊन बघायला लागले. मला ती खूण माहीत नव्हती, पण यांचा चेहरा बदलला तेव्हा अर्थ कळला. तोफ तपासा.

हे उभे राहिले. उजवा हात थोडा वर आला, खांद्यापर्यंत. तिथंच थांबला. हबीबभाईंनी पुन्हा पंजा फिरवला, सावकाश. खाली रस्त्यावर कुणी नव्हतं. मी हातातला मनुकांचा पसा तसाच धरून बसले होते. म्हटलं, आता हा हात वर गेला तर ईदनंतर गाडी येणार आणि आपण अकराव्या मजल्यावर जाणार.

यांनी हात खाली आणला. मग दोन्ही हात उचलले आणि डोक्यावर आडवे धरले.

समोर हबीबभाई हलले नाहीत. यांनी एक हात सोडवून आपल्या डाव्या कानाला बोट लावलं, मग उजव्या कानाला, आणि पुन्हा फुली धरली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायलाही हात मोकळे नव्हते. तेवढ्यात काळूजी खुर्चीतून उठले. त्यांनीही दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले. पलीकडच्या गच्चीवर आणखी एकानं धरले. आणि सगळ्यात शेवटी हबीबभाईंनी, ज्यांचं काम नुसतं बघायचं असतं, त्यांनी स्वतःच्या डोक्यावर फुली केली. अख्खी बॅटरी निकामी.

कोण आधी हसलं मला आठवत नाही. बहुधा काळूजी. ते ओरडले, "आता पाकिस्ताननं यावं, मोकळं रान शे," आणि ते दोन गल्ल्यांपलीकडं ऐकू गेलं. यांना ऐकू गेलं नाही. पण काळूजींचं तोंड उघडं होतं, त्यामुळे यांनाही कळलं.

खाली आल्यावर हे पलंगाकडे गेले नाहीत. स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि बोलत राहिले. कानात सारखी शिट्टी वाजते. गाड्या चालू होत्या, बदामाखाली गोंगाट होता, तोवर ती बुडून जायची. सगळं शांत झालं तशी ती वाढत गेली, रात्री तर डोकं फुटायची वेळ येते. दुकानात काहीच कळेना तेव्हा वाटलं, डोकंच गेलं. रोहिणी फोनवर काय म्हणते ते कळत नाही, अंदाजानं उत्तर देतो, आणि तिचा आवाज रडवेला झालाय एवढं मात्र जाणवतं. "मला वाटलं तुम्हाला सांगितलं की तुम्ही मला कुठंतरी नेऊन ठेवाल," हे म्हणाले. मी यांच्यासमोर बसले, चेहरा उजेडाकडे केला आणि म्हटलं, कुठंही नेणार नाही. पिठलं खा.

पुढचं सगळं भराभर झालं. रोहिणीला मी सांगितलं, नुसता फोन नको, व्हिडिओवर बोल आणि तोंड नीट दिसू दे. तिनं पहिल्यांदा वारच विचारला. हे म्हणाले, "शनिवार आहे, आणि तू केस कापलेस ते तुला शोभत नाहीत." ती हसली, रडली, पुन्हा हसली. गाडीचा पास काढायचं राहून गेलं. साक्षीलाही व्हिडिओवर बोलवलं. त्या दिवशी यांनी तिला सब ठीक म्हटलं नाही. कानातल्या शिट्टीबद्दल सांगितलं, आणि इतकं सांगितलं की शेवटी तीच म्हणाली, काका, उद्या पुढचं. तिनं रात्री हळू आवाजात रेडिओ लावून झोपायला सांगितलं. त्यानं शिट्टी थोडी मागं हटली. हबीबभाई आणि काळूजींचेही फोन तिनं स्वतःकडे मागून घेतले, आणि तेही मग तिला आपापल्या तोफांचं खरं खरं सांगायला लागले. काळूजींना म्हणे संध्याकाळ झाली की भीती वाटायची. तेव्हापासून त्यांचा रात्रीचा डबा आमच्याकडून जायला लागला आणि डबा घ्यायला ते बाल्कनीखाली येऊन पंधरा-वीस मिनिटं भांडून जायचे.

मास्कचं मात्र काय करायचं, हा प्रश्न होता. माझ्याकडे जुनं शिलाई मशीन आहे, आणि साड्यांच्या पारदर्शक पिशव्या मी कधी टाकत नाही. त्या कापून मी मास्कच्या मधोमध खिडकी शिवली. पहिल्या मास्कवर वाफ धरली आणि हबीबभाईंचं तोंड धुक्यातल्या पांडवलेण्यासारखं दिसायला लागलं. अमिनाभाभींनी युक्ती काढली, आतून साबणाचं बोट फिरवायचं. मग चालायला लागलं. मी सगळ्या सोसायटीला शिवून दिले, कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही. काळूजींनी त्या खिडकीपायी तंबाखू कमी केला. म्हणाले, दात दिसतात.

ईदला आम्ही बदामाखालच्या खुर्च्यांची दोरी सोडली. दूर दूर बसलो, प्रत्येकाचा पेला प्रत्येकाच्या हातात. अमिनाभाभींच्या शीरखुर्म्यात आमच्या गच्चीवरच्या मनुका होत्या, थोड्या साळुंक्यांनी टोचलेल्या. हे मध्यभागी खुर्ची टाकून बसले, सगळ्यांची तोंडं दिसतील असे, आणि कुणालाही बोलू न देता स्वतःच बोलत होते.

नियम सैल झाल्यावर रोहिणी आली, न्यायला नव्हे, भेटायला. येताना कानाचं नवं मशीन घेऊन आली, दोन्ही कानांचं. हे मशीन शिट्ट्या मारत नाही. घातल्या घातल्या यांची पहिली तक्रार कबुतरांबद्दल होती. म्हणाले, ही एवढी बडबड करतात? मग नळाबद्दल, मग पंख्याबद्दल. माझ्या आवाजाबद्दल काय वाटलं म्हणून विचारलं तर म्हणाले, मोठा आहे, आता ओरडू नकोस.

मी तेव्हा मनाशी म्हटलं, चला, संपलं. भागुबाईंनी जे म्हटलं होतं आणि ज्यावर मी इतकी वर्षं मिरवले, ते सगळं कानांमुळं होतं तर. नव्या नवरीकडं बघत नव्हते, तिचे शब्द वाचत होते. थोडं हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. आता ऐकू येतं, आता कशाला कुणी बघतंय?

दोन-चार दिवसांनी सकाळी मी चहा ठेवला होता. हे दारात बसून बूट चमकवत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून म्हटलं, साखर संपत आलीय. ऐकू गेलं असणार, मशीन कानात होतं. वळून बघितलं तर यांनी ब्रश खाली ठेवला होता आणि एकटक माझ्याकडे बघत होते, बहात्तर सालासारखे.

"आता ऐकू येतं ना?" मी म्हटलं. "मग बघताय काय?"

"तोफ तपासतोय," हे म्हणाले, आणि यांचा उजवा हात सरळ वर गेला.